ग्लॅड्स्टनची पुस्तिका आणि इंग्लंडचें परराष्ट्रधोरण

परराष्ट्रधोरण हें देवळांतील गाभाऱ्यासारखें असतें. सभामंडपांत कोणींही यावें, भजन करावें, टाळ वाजवावे. परंतु गाभाऱ्यांत काय चाललें आहे तें पुजाऱ्यासच ठाऊक. घरपट्टी, शाळा, धान्याचे भाव यांविषयीं सामान्य गृहस्थास मत असतें व तें तो बोलून दाखवितो. पण शेजारच्या राष्ट्राशीं तह करावा कीं युद्ध, आरमार कोणत्या किनाऱ्यावर पाठवावें, वकिलास कोणती आज्ञा द्यावी, असे प्रश्न निघाले कीं तो वर्तमानपत्राची घडी करून बाजूस ठेवितो आणि हें आपल्या आटोक्यांतलें नव्हे असें म्हणून मोकळा होतो. सभामंडपांतील आवाज त्या गाभाऱ्यांत कधीं पोंचतो काय, आणि पोंचलाच तर तेथें त्याचें काय होतें, हा प्रश्न केवळ राजनीतिशास्त्राचा नाहीं. ज्या वाङ्मयानें तो आवाज उठतो, त्या वाङ्मयाच्या टीकाकारासही तो टाळतां येत नाहीं.

विल्यम ग्लॅड्स्टन यांची 'बल्गेरियांतील अत्याचार आणि पूर्वेकडील प्रश्न' ही १८७६ सालची पुस्तिका अशा वाङ्मयाचा इंग्रजींतील एक ठळक नमुना आहे. एकोणिसाव्या शतकांतील गद्य शिकवितांना तिच्यांतील कांहीं उतारे मी अनेक वर्षें वर्गांत वाचून दाखवीत आलों आहें. दोन वर्षांपूर्वीं असाच एक उतारा संपल्यावर मागल्या बाकावरील एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, ज्यांच्यासाठीं हें लिहिलें, त्यांतल्या एकाचा तरी जीव यानें वांचला का?" वाङ्मयाचा परिणाम असा माणसें मोजून मापावयाचा नसतो, अशा अर्थाचें कांहींतरी उत्तर मीं दिलें. ती खालीं बसली. पण तिचें समाधान झालें नव्हतें आणि, खरें सांगावयाचें तर, माझेंही झालें नव्हतें. ती पुस्तिका पुन्हां आरंभापासून वाचून काढण्याचें आणि हा लेख लिहिण्याचें कारण इतकेंच आहे.

प्रथम प्रसंग ध्यानांत घेतला पाहिजे. १८५४ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धापासून इंग्लंडचें पूर्वेकडील धोरण एका सूत्रावर चाललें होतें. तुर्की साम्राज्य मोडकळीस आलेलें असो वा जुलमी असो, तें उभें राहिलेंच पाहिजे; कारण तें कोसळलें तर रशिया भूमध्यसमुद्रावर उतरेल आणि हिंदुस्थानचा मार्ग धोक्यांत येईल, असा तो हिशेब होता. १८७६ च्या एप्रिलांत बल्गेरियांत तुर्की सत्तेविरुद्ध उठाव झाला. तो मोडण्यासाठीं मोकळे सोडलेल्या बाशी-बझूक नांवाच्या बेशिस्त सैनिकांनीं मे महिन्यांत गांवेंच्या गांवें उजाड केलीं. बाटाक या डोंगरी गांवीं तर चर्चमध्यें आश्रय घेतलेल्या बायकामुलांचीही कत्तल झाली. लंडनच्या 'डेली न्यूज' पत्रानें २३ जूनच्या अंकांत ही हकीकत छापली. मुख्य प्रधान डिझरेली यांनीं पार्लमेंटांत असल्या वार्तांची संभावना कॉफीगृहांतील गप्पा म्हणून केली. तेव्हां त्या पत्रानें मॅक्गाहन नांवाच्या अमेरिकन बातमीदारास प्रत्यक्ष जागेवर धाडलें आणि ऑगस्टांत बाटाकहून आलेल्या त्याच्या पत्रांनीं शंकेस जागा ठेविली नाहीं. सरकारनेंच चौकशीस पाठविलेल्या बेअरिंग या अधिकाऱ्यानेंही मृतांचा आंकडा सुमारें १२,००० असल्याचें कळविलें.

लोकमताची ती लाट ग्लॅड्स्टन यांनीं उठविली अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती खरी नव्हे. डार्लिंग्टन येथील 'नॉर्दर्न एको' या प्रांतिक पत्राचा तरुण संपादक डब्ल्यू. टी. स्टेड यानें आणि त्याच्यासारख्या अनेकांनीं ऑगस्टांतच गांवोगांव सभा भरविण्यास आरंभ केला होता. इतिहासकार रिचर्ड शॅनन यांनीं १९६३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हा क्रम साधार मांडला आहे. ग्लॅड्स्टन तर १८७५ मध्येंच पक्षाचें नेतृत्व सोडून हॉर्डनच्या आपल्या घरीं धर्मशास्त्रावरील लेखनांत मग्न झाले होते. लोकांचा क्षोभ पाहून त्यांनीं तें लेखन बाजूस सारलें आणि कंबरेच्या दुखण्यानें अंथरुणावर पडले असतां ही पुस्तिका लिहिली. ६ सप्टेंबरला ती बाहेर पडली. महिनाभरांत तिच्या दोन लाख प्रती खपल्या. पुढाऱ्यानें लोकमत घडविलें असें नसून लोकमतानें निवृत्त पुढाऱ्यास पुन्हां रणांत ओढून आणलें, असेंच येथें म्हणावें लागतें.

आतां पुस्तिकेच्या गुणांकडे वळूं. ज्यांना तिच्यांतील एक-दोन प्रसिद्ध उतारेच ठाऊक आहेत त्यांस वाटतें कीं ही आरंभापासून अखेरपर्यंत एक शापवाणी असेल. प्रत्यक्षांत तिचा पुष्कळसा भाग तारखांचा आहे. कोणता खलिता लंडनला कोणत्या दिवशीं पोंचला, मंत्र्यानें त्यावर केव्हां उत्तर दिलें, मधल्या दिवसांत काय झालें, पार्लमेंटास काय सांगण्यांत आलें, हें सारें ग्लॅड्स्टन चोपडी तपासणाऱ्या कारकुनाच्या चिकाटीनें मांडतात. चार वेळां अर्थमंत्रिपद भूषविलेल्या गृहस्थाची ही संवय आहे. वाचक त्या तारखांच्या मागून चालूं लागतो आणि आपण एका दिरंगाईचे साक्षीदार होत आहों हें त्यास हळूहळू कळूं लागतें. संताप नंतर येतो, आणि आधीं हिशेब दिलेला असल्यामुळें तो शोभतो. आमच्याकडील पुष्कळ आवेशपूर्ण लेखनांत हा क्रम उलटा असतो, हें येथें नमूद करण्यास हरकत नाहीं.

दुसरा गुण याहून मोठा आहे. आरोपीच्या पिंजऱ्यांत ग्लॅड्स्टन केवळ तुर्कांस उभें करीत नाहींत. ते स्वतःच्या सरकारासही तेथेंच उभें करितात. मे महिन्यांत इंग्लंडचें आरमार दार्दानेल्सच्या तोंडाशीं असलेल्या बेसिका उपसागरांत पाठविण्यांत आलें होतें. त्याचा उद्देश कांहींही असो, आपल्या पाठीशीं इंग्लंड उभें आहे असाच अर्थ तुर्की अधिकाऱ्यांनीं घेतला असणार, असा त्यांचा मुद्दा आहे. म्हणजे दूरदेशीच्या माणसांची दया करा एवढेंच ही पुस्तिका सांगत नाहीं. तुमच्या नांवानें, तुमच्या पैशानें हें पाप पोसलें जात आहे, असें ती इंग्रज करदात्यास बजावते. परराष्ट्रधोरणासंबंधीं लोकमताचा हक्क सिद्ध करावयाचा तर त्याचा आधार हाच. दुसऱ्याच्या घरीं काय चालतें यावर आमचें मत असो वा नसो. आमच्या नांवानें काय चालतें यावर तें असलेंच पाहिजे.

परंतु दोष दाखविल्यावांचून हें परीक्षण पुरें व्हावयाचें नाहीं, आणि ते दोषही किरकोळ नाहींत. पहिला असा कीं गर्जना आणि मागणी यांत मेळ नाहीं. तुर्कांनीं आपलें चंबूगबाळें आवरून चालतें व्हावें, अशा आशयाचा तो सुप्रसिद्ध परिच्छेद वाचणाऱ्याची समजूत होते कीं सबंध तुर्क लोकांस युरोपांतून हांकलावयाचें आहे. प्रत्यक्ष मागणी पुष्कळच माफक होती. बल्गेरिया, बोस्निया व हर्झेगोव्हिना या प्रांतांतून तुर्की अंमलदार जावेत, प्रांतांस स्वायत्तता मिळावी, सुलतानाचें नाममात्र स्वामित्व वाटल्यास राहूं द्यावें, इतकेंच त्यांस हवें होतें. पुढें ग्लॅड्स्टन यांस तसा खुलासाही करावा लागला. पण दोन लाख प्रती गर्जनेच्या खपल्या, खुलाशाच्या नव्हेत. लोकांच्या मनांत क्रोध राहिला आणि योजना राहिली नाहीं.

दुसरा दोष नीतीचा आहे. अपराध अंमलदारांचा व सैनिकांचा; परंतु ग्लॅड्स्टन एका संपूर्ण जातीसच माणुसकीबाहेर टाकतात. हिंदुस्थानांतील मुसलमान सौम्य, स्पेनमधील मूर सुसंस्कृत, आणि तुर्क मात्र मानवजातीचा वैरी, अशी वर्गवारी ते करितात. ही वर्गवारी हिंदुस्थानांतील मुसलमानांस समाधानकारक वाटली नाहीं. १८७७ च्या युद्धांत त्यांनीं तुर्की जखमींसाठीं वर्गण्या जमविल्या. आणि या दोषाचें फळ लौकरच दिसून आलें. त्याच युद्धांत बल्गेरियांतील मुसलमान कुटुंबें हजारोंनीं मारलीं गेलीं व देशोधडीस लागलीं, तेव्हां आदल्या वर्षीं बाटाकसाठीं रडलेल्या बहुतेक डोळ्यांस तें दिसलें नाहीं. ज्या करुणेला आधीं जात विचारण्याची संवय लागते, ती करुणा अर्धी आंधळी होते.

आतां परिणामाकडे पाहूं. पुस्तिका बाहेर पडली त्याच सुमारास परराष्ट्रमंत्री लॉर्ड डर्बी यांनीं कॉन्स्टँटिनोपल येथील इंग्रज वकिलास एक खलिता धाडला. देशांतील क्षोभ इतक्या थरास पोंचला आहे कीं रशियानें उद्यां तुर्कस्थानाविरुद्ध युद्ध पुकारलें तर इंग्लंडास तुर्कस्थानच्या रक्षणार्थ मध्यें पडणें जवळजवळ अशक्य होईल, असा त्याचा आशय होता. परराष्ट्रमंत्र्यानें आपले हात लोकमतानें बांधले गेले आहेत असें सरकारी कागदावर कबूल करावें, अशीं उदाहरणें इतिहासांत विरळा. १८७७ च्या एप्रिलांत रशियानें खरोखरच युद्ध पुकारलें आणि इंग्लंड अलिप्त राहिलें. वीस वर्षांच्या धोरणाचें सूत्र त्या क्षणीं तुटलें.

हें कसें घडलें याचा विचार करितां एक गोष्ट ध्यानांत येते. लोकमत भिंत फोडून आंत शिरत नाहीं. भिंतीस आधींच असलेल्या भेगेंतून तें झिरपतें. डिझरेलींच्या मंत्रिमंडळांत अशी भेग होती. डर्बी स्वभावानेंच युद्धास भिणारे. लॉर्ड कार्नारव्हन व लॉर्ड सॉल्झबरी यांसही तुर्कांचा कैवार मनापासून रुचत नव्हता. बाहेरच्या सभांनीं या मंत्र्यांस बोलावयास धीर दिला. अशी भेग नसली म्हणजे काय होतें हें अलीकडच्या काळांत आपण पाहिलेंच आहे. १५ फेब्रुवारी २००३ रोजीं लंडनच्या रस्त्यांवर इराकवरील युद्धाविरुद्ध लाखों माणसें उतरलीं. परंतु मुख्य प्रधान निश्चयी, आणि विरोधी हुजूरपक्षही युद्धाच्याच बाजूचा. एका ज्येष्ठ मंत्र्याच्या राजीनाम्यानें त्या भिंतीस तडा गेला नाहीं. पांच आठवड्यांच्या आंत युद्ध सुरू झालें.

पण १८७६ ची कथा येथें संपत नाहीं, आणि तिचा उत्तरार्ध सांगितल्यावांचून पूर्वार्धाची स्तुति करणें अप्रामाणिकपणाचें होईल. १८७७ च्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत उस्मान पाशानें प्लेव्हना हें गांव रशियन सैन्याविरुद्ध मोठ्या शौर्यानें लढविलें. त्या शौर्याच्या बातम्या वाचतां वाचतां इंग्लंडचें मन पालटलें. काल जो राक्षस होता तो आज शूर दुबळा ठरला. नाट्यगृहांतून गाजलेल्या एका युद्धखोर गीतांतील उद्गारावरून 'जिंगो' हा शब्द राजकारणांत आला तो याच वेळीं. १८७८ च्या आरंभीं पार्लमेंटानें युद्धसिद्धतेसाठीं साठ लाख पौंड मंजूर केले, आरमार पुढें सरकलें, आणि फेब्रुवारींत जमावानें ग्लॅड्स्टन यांच्या लंडनमधील घराच्या खिडक्या फोडल्या. मार्चमध्यें डर्बी यांनीं राजीनामा दिला. जुलैंत बर्लिनच्या तहावर सह्या झाल्या. रशियानें सान स्टेफानोच्या तहांत आंखलेल्या मोठ्या बल्गेरियाचे तुकडे करून मॅसिडोनिया पुन्हां सुलतानाच्या अंमलाखालीं घालणारा हा तह घेऊन डिझरेली परतले, तेव्हां लंडननें त्यांचें विजयी वीरासारखें स्वागत केलें. त्या टाळ्या वाजविणाऱ्या हातांत दोन वर्षांपूर्वींची पुस्तिका कधींच नव्हती असें मानण्यास मन धजत नाहीं.

याच वसंतऋतूंत घडलेली एक गोष्ट आम्हांस अधिक जवळची आहे. रशियास धाक बसावा म्हणून सुमारें ७,००० हिंदी सैनिक मुंबईहून जहाजांत घालून माल्टा बेटावर नेण्यांत आले. पार्लमेंटांत त्यावर मोठा वाद झाला. पण तो वाद पार्लमेंटाच्या हक्काचा होता. ज्यांचे मुलगे नेले त्यांस कोणीं विचारलें काय, हा प्रश्न त्यांत नव्हता. हे सैनिक निघण्यापूर्वींच, १४ मार्च १८७८ रोजीं, लॉर्ड लिटन यांच्या सरकारनें देशी भाषांतील वर्तमानपत्रांच्या तोंडास कुलूप लावणारा कायदा एका बैठकींत मंजूर करून घेतला होता. हिंदुस्थानच्या नांवानें इंग्लंडचें पूर्वेकडील धोरण आंखलें जात होतें, हिंदुस्थानचे शिपाई त्यासाठीं नेले जात होते, आणि हिंदुस्थानास मत असण्याचीच मनाई झाली होती.

आणि हा देश त्या वेळीं कोणत्या अवस्थेंत होता? १८७६ च्या पावसाळ्यानें दख्खनला दगा दिला होता. लंडनचे लोक बल्गेरियासाठीं सभा भरवीत होते त्या महिन्यांत सोलापूर, नगर, विजापूर या भागांतील पिकें जळत होतीं. पुढच्या वर्षीं सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील मजुराचें दिवसाचें धान्य एक पौंडावर आणलें, तेव्हां मुंबई इलाख्यांतील मजुरांनीं कामें सोडून दिलीं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गांवोगांवची माहिती गोळा करून अर्जांवर अर्ज धाडले. दक्षिण हिंदुस्थानांतील त्या दुष्काळांत पन्नास लाखांहून अधिक माणसें मेलीं असा अंदाज आहे. इंग्लंडला दया आली नाहीं असें नव्हे. १८७७ च्या ऑगस्टांत लंडनच्या लॉर्ड मेयरनें उघडलेल्या निधींत लाखों पौंड जमले. परंतु ती दया वर्गणी देऊन थांबली. जाब विचारावयास पुढें आली नाहीं. बाटाकसाठीं तारखांची जंत्री करणारा कोणी ग्लॅड्स्टन सोलापूरसाठीं उभा राहिला नाहीं. सार्वजनिक सभेच्या अर्जांतही तारखा होत्या, आंकडे होते. नव्हती ती मताची पेटी.

ग्लॅड्स्टन यांच्याविषयीं मात्र अन्याय होऊं नये. वर्तमानपत्रांवरील त्या कायद्यास त्यांनीं पार्लमेंटांत विरोध केला, आणि त्यांच्या कारकीर्दींत १८८२ सालीं तो रद्द झाला. १८७९ च्या मिडलोथियनमधील भाषणांत, अफगाण युद्धाविषयीं बोलतांना, बर्फांत गाडलेल्या डोंगरी खेड्यांतील माणसाचा जीवही ईश्वराच्या दृष्टीनें तितकाच पवित्र आहे असें त्यांनीं स्कॉटिश श्रोत्यांस सांगितलें. तुर्कांविषयीं लिहितांना जी चूक झाली ती येथें सुधारलेली दिसते. १८८० च्या निवडणुकींत लोकांनीं त्यांस प्रचंड बहुमत दिलें. आणि १८८२ च्या जुलैंत त्याच ग्लॅड्स्टन यांच्या सरकारनें अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या व मिसर देश व्यापला. त्यांचे जुने सहकारी जॉन ब्राइट यांनीं त्याबद्दल मंत्रिपद सोडलें. सभामंडपांतील गायक गाभाऱ्यांत गेला म्हणजे त्याचाही पुजारी होतो.

पुढें १९३५ सालीं हेंच नाट्य पुन्हां झालें. राष्ट्रसंघाच्या बाजूनें घेतलेल्या खाजगी मतमोजणींत एक कोटी दहा लाखांहून अधिक इंग्रज स्त्री-पुरुषांनीं भाग घेतला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अबिसीनियाचा मोठा भाग इटलीस देऊं करणारी गुप्त योजना फुटली, तेव्हां लोकांच्या संतापानें परराष्ट्रमंत्री सर सॅम्युअल होअर यांस राजीनामा द्यावा लागला. मंत्री गेला, योजना गेली. पण १९३६ च्या मे महिन्यांत अबिसीनियाही गेला. 'हें करूं नका' असें लोकमत मोठ्यानें म्हणूं शकलें. 'मग काय करा' याचें उत्तर, आणि त्या उत्तरासाठीं पडणारा खर्च सोसण्याची तयारी, त्याच्याजवळ नव्हती.

या सर्वांवरून निघणारा निष्कर्ष कदाचित् उत्साहवर्धक नसेल, पण तो निराशेचाही नाहीं. परराष्ट्रधोरणावर लोकमताचा अंकुश चालतो. परंतु तो अंकुश आहे, लगाम नव्हे. त्यानें हत्ती थांबतो. रोज कोणत्या वाटेनें जावें हें त्यास अंकुशानें शिकवितां येत नाहीं. तें शिकवावयाचें तर खलित्यांच्या तारखा केवळ संतापाच्या महिन्यांत नव्हे, तर शांततेच्या वर्षांतही वाचणारे नागरिक हवेत. ग्लॅड्स्टन यांच्या पुस्तिकेचा टिकाऊ भाग माझ्या मतें तो तारखांचा भाग आहे. मीं मात्र इतकीं वर्षें वर्गांत गर्जनेचेच उतारे वाचले.

त्या विद्यार्थिनीनें आतां विचारलें तर मी तिला सरळ उत्तर देईन. नाहीं, एकाचाही जीव वांचला नाहीं. बाटाकचे लोक मे महिन्यांत मेले आणि पुस्तिका सप्टेंबरांत आली. तिनें केलें तें इतकेंच कीं ज्यांनीं त्यांस मारलें त्यांच्या मदतीस आपलें आरमार धाडणें इंग्लंडच्या सरकारास दीड वर्ष अशक्य करून सोडलें. तेवढ्या अवकाशांत बल्गेरियाचें राज्य जन्मास आलें, आणि तेवढ्याच अवकाशांत दुसऱ्या कित्येक निरपराध्यांचे संसारही बुडाले. हें थोडें कीं फार, हें तिनेंच ठरवावें. उतारा मात्र पुढच्या वर्षीं मी निराळा निवडणार आहें.